दोन बाटल्या भरेपर्यंत

"माणसांना राहायला जागा नाही म्हणून जिकडंतिकडं बोंब, आणि नावांत बघावं तर जागाच जागा सोडलेली!"

हे पुटपुटणं थेट काकूंच्या मानेवर येऊन पडलं. पडणारच. दोघा नवराबायकोच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडलेल्या, आणि मधलं अंतर एवढंच की कर्सरनी जोरात श्वास सोडला तर काकूंच्या अंबाड्यातून सुटलेले केस हलावेत.

"कुणाच्या नावांत?" मागं न वळता काकूंनी विचारलं. हातातल्या चष्म्याच्या दांडीला नावाची चिठ्ठी बांधणं चालूच होतं.

"कुणाच्या म्हणजे? सगळ्याच गिऱ्हाइकांच्या. ‘नवी नजर’. ‘कोपऱ्यावरचे डॉक्टर’. अरे, एका शब्दात नाव ठेवायला काय जातं यांचं? ‘कोपडॉक’ म्हणा."

"आणि डॉक्टर कोपले म्हणजे?"

कर्सर हसले. ते हसू खुर्चीच्या पाठीतून काकूंच्या पाठीला लागलं आणि काकूंना घटकाभर बरं वाटलं. मग मागं कीबोर्डची टकटक सुरू झाली, तसे त्यांचे हात थांबले. त्या ऐकायला लागल्या.

एकोणीस वर्षं ही टकटक त्यांनी पाठीनं ऐकली होती. कुठलं बटण दाबलं गेलं हे त्यांना न बघता कळायचं. मोकळ्या जागेची लांब पट्टी धप्प वाजायची. ओळ संपली की एंटरचा ठोका. आणि नावात मोकळी जागा असली की नावाच्या आधी एकदा आणि नावानंतर एकदा, शिफ्ट दाबून धरल्याचा दबका आवाज आणि त्यावर एक टिचकी. डबल कोट म्हणा, अवतरणचिन्हं म्हणा. कर्सर त्यांना कुंपण म्हणत. टिचकी वाजली की कुंपण पडलं.

आज धप्प वाजलं. परत धप्प. टिचकी काही वाजली नाही.

"झालं लिहून," कर्सर म्हणाले आणि त्यांची खुर्ची सरकली. "पाणी भरून आणतो."

"आणा."

दोन रिकाम्या बाटल्या काखेत मारून ते मागच्या अंगणातल्या नळाकडं गेले. नळाला धार करंगळीएवढी. दोन बाटल्या भरायला सात मिनिटं लागत. काकू उठल्या, नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या आणि भराभर टिचक्या वाजवायला लागल्या.

म्हणायला कारखाना, एरवी खोल्या तीनच. चष्म्याच्या दुकानांकडून नंबर येत, त्या नंबरांच्या काचा इथं घासून, फ्रेममध्ये बसवून परत जात. पुढच्या खोलीत मालकीणबाई आणि त्यांचा टेलिफोन. मधल्या खोलीत पाठीला पाठ लावून हे दोघं. आतल्या खोलीत घासायचं मशीन आणि ते चालवणारा दादा, ज्याच्या भुवयांवर कायम पांढरी पूड, त्यामुळं तो तिशीतच म्हातारा दिसायचा. प्रत्येक दुकानाचे नंबर संगणकात त्या त्या दुकानाच्या नावाच्या फोल्डरमध्ये पडत. कुठल्या फोल्डरमधले नंबर आज घासायला घ्यायचे, हे सांगणारी कामाची यादी कर्सर रोज सकाळी लिहीत. त्या यादीला बॅच फाइल म्हणतात. हे कर, ते झालं की हे कर, मग ते कर. ती चालवली की एकेका फोल्डरवर घासाईचा प्रोग्राम चालायचा, मशीनला आकडे पोचायचे आणि काच तपासण्याचा कागद छापून बाहेर यायचा.

दुसऱ्या कुणी ही फाइल एकदाच लिहून ठेवली असती. कर्सर रोज कोरी लिहायचे. रोजची डोळ्यांची माणसं वेगळी, मग यादी शिळी का, असं त्यांचं म्हणणं. आणि लिहिल्या लिहिल्या कधी चालवायची नाही हाही त्यांचाच नियम. उठायचं, पाणी आणायचं, ताज्या डोळ्यांनी परत वाचायची, मग चालवायची. हा नियम आपल्या बायकोला एक दिवस कशासाठी उपयोगी पडेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

कर्सर हे नाव कुणा जुन्या कारागिरानं ठेवलेलं. काही विचारायचं असलं की हे दारात येऊन उभे राहत, पापण्या मिटत उघडत, आणि समोरचा बोलेपर्यंत हूं की चूं नाही. पडद्यावरची ती उघडझाप करणारी रेघ जशी. नाव इतकं चिकटलं की मालकीणबाईही "अहो कर्सर" म्हणत. काकू मात्र नुसत्या कर्सरकाकांच्या बायको, म्हणून काकू. त्यांना स्वतःचं टोपणनाव मिळालं नाही याचं थोडं वाईटच वाटायचं.

काकू इथं आल्या त्या चिठ्ठ्या बांधायला. शाळेत संगणक पाहिला नव्हता, घरी तर नाहीच. पहिल्या आठवड्यातच कर्सरनी त्यांना शेजारी बसवलं होतं.

"हे बघ, संगणक हा सरळ माणूस. मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं, बोलणं संपलं. तू त्याला सांगितलंस, ‘शाळा धाकटी’ इथं जा. तो ऐकतो फक्त ‘शाळा’. त्या नावाचं घर गल्लीत नसलं तर निदान परत येऊन सांगतो, सापडलं नाही म्हणून. पण असलं तर?"

"असलं तर काय?"

"तर बिनदिक्कत तिथं जातो. पत्र टाकतो. आणि तुला येऊन सांगतो, पोचवलं. ओरडत नाही, काही नाही. ते खरं वाईट." मग दोन्ही हातांची दोन दोन बोटं कानांशी नेऊन त्यांनी वाकवली होती. "म्हणून काय करायचं? म्हणून नावाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालायचं. मग आत कितीही मोकळं असू दे, तो अख्खं नाव उचलतो."

काकूंना तेव्हा त्या वाकवलेल्या बोटांचं हसू आलं होतं. सशासारखे दिसता, असं त्या म्हणाल्याही होत्या.

सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी फाइल चालवल्यावर पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि तिच्यात ओळीनं येत गेलं: सापडलं नाही. सापडलं नाही. सापडलं नाही. कर्सरनी खुर्ची मागं ढकलली. मग म्हणाले, "माझ्या फाइलीला कुणी हात लावला?" कुणीच लावला नव्हता. काकूंनी वळून पाहिलं. एकाही नावाला कुंपण नव्हतं. त्या वेळी आपण काय करायला हवं होतं, हे आज कुणी विचारलं तर काकू धडाधड सांगतील. त्या दिवशी त्यांना एवढंच सुचलं की बाटल्या भरायला सात मिनिटं लागतात.

तेव्हापासून रोज.

घरचं वेगळं चालू होतं. कधी चहात मीठ पडायचं, कधी एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगून व्हायची. लेक दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणायची, "आई, बाबा दमलेत गं. थोडी रजा घ्यायला लाव." काकू म्हणायच्या, "हो, दमलेतच." डॉक्टरांकडं नाव घातलं होतं एकदा. त्या दिवशी कर्सरना सर्दी झाली, म्हणून जाणं राहिलं. सर्दी दोन दिवसांत गेली, डॉक्टरांचा विषय कुणी परत काढला नाही. मालकीणबाईंनी हल्ली मोठमोठ्या दुकानांची कामं हळूच बाहेर द्यायला सुरुवात केली होती. "मशीनला आराम पाहिजे," असं सांगायच्या. मशीन मेलं धडधाकट होतं. दादा प्रत्येक ट्रे दोनदा वाचायचा आणि कुणी बघितलं तर डोळ्यांत पूड गेल्यासारखं करायचा. सगळे मिळून असा कानाडोळा करायचे की एखाद्याला वाटावं, हे ठरवून चाललंय.

पण मधूनच कधीतरी, काकूंनी स्वतः कुंपणं घालूनसुद्धा, काळ्या खिडकीत ‘सापडलं नाही’ यायचं. असं चारपाच वेळा झालं. माझ्याच नजरेतून सुटलं असणार, असं काकू धरून चालल्या. घाईघाईत करते, चिन्हं बारीक, वयही झालंच. त्या तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी नंबर वाढलाय म्हटल्यावर काकूंना इतका आनंद झाला की डॉक्टर गोंधळले. चष्म्याचा नंबर वाढल्याबद्दल त्यांचे आभार मानणारी ही पहिलीच बाई. नवा चष्मा दादानं घासला. काकूंना पडद्यावरचं बारीकातलं बारीक चिन्ह दिसायला लागलं. तरीही पुढच्याच आठवड्यात खिडकीत परत तेच आलं, आणि काकूंनी तो चष्मा नाकावरून काढून किती वेळ पुसला.

आजही काकूंनी सगळी कुंपणं घातली, परत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या, कर्सर बाटल्या घेऊन आले, फाइल चालली. काही ओरडलं नाही. काकूंनी चिठ्ठ्या पुढं ओढल्या. साडेदहाच्या सुमाराला पुढच्या खोलीचं दार वाजलं.

आलेला माणूस शाळेचा मास्तर होता. काटकुळा, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग, आणि हातात बुटांचं खोकं. खोक्यात बासष्ट चष्मे. लहान मुलांचे, रंगीत दांड्यांचे. धाकट्या वर्गांचं काम पंधरा दिवसांपूर्वी इथूनच गेलं होतं. मोठ्या वर्गांचं गेल्या वर्षी झालं होतं.

"काय झालं, फ्रेम सैल झाल्या का?" मालकीणबाईंनी हसत विचारलं.

"नाही. फ्रेम छान आहेत." मास्तरांनी खोकं टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आत काही जिवंत असल्यासारखं. "नंबर चुकलेत. सगळ्यांचे."

मालकीणबाईंचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

"नऊ दिवस घातले मुलांनी," मास्तर म्हणाले. ते चिडलेले नव्हते, तेच जड जात होतं. "मी रोज विचारायचो, दिसतं का रे नीट? सगळे एका सुरात हो म्हणायचे. पहिल्यांदाच चष्मा लागलेली मुलं. त्यांना वाटलं, चष्मा लावला की असंच दिसतं. डोकं दुखणं, डोळ्यांतून पाणी येणं, हे सगळं चष्म्याचंच असतं असं वाटलं त्यांना. एक मुलगी फळ्याला नाक लावून उभी राहायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं." त्यांनी खोक्याचं झाकण नीट केलं. "एकाची पायरी चुकली. दात पडला. दुधाचाच होता," शेवटचं वाक्य त्यांनी यांची समजूत काढल्यासारखं म्हटलं.

मधल्या खोलीच्या दारात कर्सर येऊन उभे होते. पापण्यांची उघडझाप चालली होती.

"आम्ही आजच सगळे परत घासून देतो," मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता, तुम्ही बसा. चहा घ्या. कर्सर, यादी लिहायला घ्या. फक्त धाकट्या शाळेची."

"परत घासाल ते ठीक," मास्तर म्हणाले. "पण झालं कसं, ते कुणीतरी मला सांगा. आईबापांना काय सांगू मी? आणि परत असं होणार नाही हे कोण सांगणार?"

काकूंनी खोकं मधल्या खोलीत आणलं आणि त्यातला एक चष्मा उचलला. लाल दांडीचा. चिठ्ठीवर एका मुलीचं नाव, काकूंनीच बांधलेली चिठ्ठी. नंबर तपासायच्या यंत्राखाली काच धरली, आकडा वाचला, मग गेल्या वर्षीची मोठ्या शाळेची यादी काढली. पहिल्याच नावापुढं तोच आकडा. दुसरा चष्मा, दुसरं नाव, तोच आकडा. तिसरा तपासायची गरज नव्हती, तरी त्यांनी तपासला. धाकट्यांच्या नाकावर गेल्या वर्षीच्या थोरल्यांच्या काचा होत्या. चिठ्ठ्या दुसऱ्या प्रोग्राममधून छापलेल्या, म्हणून नावं बरोबर. काच तपासायचा कागद मात्र घासाईच्याच प्रोग्राममधून निघायचा, त्यावर नावं नसत, नुसते आकडे, म्हणून काच आणि कागद एकमेकांशी छान जुळले. दादानं दोनदा वाचले असतील. दोन्ही वेळा जुळलेच असतील.

काकूंनी त्या दिवसाची जुनी फाइल उघडली. बाकी नावांना कुंपण होतं; एका ओळीत ‘शाळा धाकटी’ लिहिलेलं होतं. कुंपण नव्हतं. संगणक ‘शाळा’ ऐकून थांबला होता, आणि त्या नावाचं घर गल्लीत होतं, थोरल्यांचं.

पण काकूंना ती सकाळ आठवत होती. ‘धाकटी’च्या पुढं चिन्ह घालताना त्यांचं नख बटणाला अडकून तुटलं होतं. ते नख अजून पुरतं वाढलेलं नव्हतं. त्यांनी ते बघितलं. घातलं होतं कुंपण. घातलंच होतं.

"काय बघतेस?" कर्सर मागं येऊन उभे राहिले होते.

"काही नाही. तुमची खुर्ची गरम करत होते. बसा."

ते बसले. काकू पाठ करून आपल्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून ऐकायला लागल्या. एकच तर ओळ लिहायची होती. टकटक. धप्प. टकटक. एंटरचा ठोका.

"झालं. पाणी आणतो."

"बाटल्या भरलेल्याच आहेत की अजून."

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून त्यांनी भरलेल्या बाटल्या खिडकीतल्या कुंडीत रिकाम्या केल्या आणि ते नळाकडं गेले.

काकू त्यांच्या खुर्चीत गेल्या. एक टिचकी. दुसरी टिचकी. मान वर केली तर आतल्या दारात दादा.

"काकू," तो म्हणाला, "ते तुम्ही घालता होय?"

काकूंचा हात बटणावरच राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणी पकडलं होतं, आणि मनातून त्यांना हलकं वाटलं. "कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "विसरतात हल्ली कधीकधी. दमलेत ना."

दादानं भुवईवरची पूड पुसली. ती गालावर आली. "मलापण तेच सांगितलंय," तो म्हणाला.

"काय?"

"कुणाला सांगू नकोस म्हणून. कर्सरकाकांनी." तो दबक्या आवाजात भराभर बोलायला लागला, नळ बंद व्हायच्या आत संपवायचं असल्यासारखं. "म्हणाले, दादा, माझ्या फाइलीत कुणीतरी खाडाखोड करतं. मी पाणी आणायला गेलो की नावांच्या दोन्ही बाजूंना काहीतरी बारीक किडे सोडून ठेवतं. म्हणाले, मी काय करतो, जे दिसतात ते एकेक काढून टाकतो, ही चिठ्ठ्या घेऊन पुढच्या खोलीत गेली की. काढलं की कधी खिडकीत ओरडतं, कधी नाही ओरडत. म्हणाले, हिला सांगू नकोस, ही घाबरेल. हिच्या कामावर कुणीतरी टपलंय असं वाटेल हिला."

काकूंनी बटणावरचा हात उचलून घेतला.

"मला वाटलं, खरंच कुणीतरी असेल," दादा म्हणाला. मग त्यालाच ते खोटं वाटलं असावं. "नाही, वाटलं नव्हतं. पण काय बोलणार, काकू?"

म्हणजे एक जण घालत होतं आणि एक जण काढत होतं. एकाच फाइलीत, पाठीला पाठ लावून, सात महिने. आणि दोघंही एकमेकांना सांभाळत होते. काकूंना वेड्यासारखं हसू आलं. त्यांनी नवा चष्मा काढून टेबलावर ठेवला. नजर ठणठणीत होती. नजरेला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"आज काढतील?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही काढत. कधी दिसतात त्यांना, कधी नाही." दादा आत वळला, परत थांबला. "काचा मशीनला लावून ठेवल्यात मी. आकडे आले की घासायला सुरुवात होणार. ह्या रंगाच्या दांड्यांत बसतील एवढ्या बारक्या काचा आपल्याकडं तेवढ्याच उरल्यात. बासष्ट जोड. चुकलं तर महिनाभर नाहीत."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

कर्सर आले तेव्हा मधल्या खोलीत सगळेच जमले होते. मालकीणबाई मास्तरांना घेऊन आल्या होत्या. कपातला चहा मास्तरांनी प्यायला नव्हता, नुसता हातात धरला होता.

"झालं कसं ते सांगा ना," मास्तर म्हणाले.

"मशीनचं आहे हो ते," मालकीणबाई म्हणाल्या. "जुनं झालंय. पट्टा सटकतो."

"पट्टा नाही, माझ्याकडून ट्रे बदलला गेला असेल," दादा आतून म्हणाला.

"ट्रे नाही, चिठ्ठ्या. चिठ्ठ्या मी बांधते," काकू म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं."

मास्तर एकेकाकडं बघत राहिले. वर्गात काच फुटली की सगळी मुलं एकदम पुढं येऊन मी फोडली म्हणतात, तेव्हा मास्तरांचा चेहरा असाच होत असणार.

"काय तुम्ही सगळे!" कर्सर म्हणाले. बाटल्या त्यांनी शांतपणे टेबलावर ठेवल्या, झाकणं घट्ट केली. "मशीन चुकत नाही, दादा चुकत नाही आणि ही तर आयुष्यात चुकलेली नाही. या मास्तर, बसा इथं. मी दाखवतो काय झालं ते."

त्यांनी मास्तरांना आपल्या शेजारी बसवलं. एकोणीस वर्षांपूर्वी काकू बसल्या होत्या तिथंच.

"संगणक हा सरळ माणूस. मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं, बोलणं संपलं. आपण त्याला सांगितलं, ‘शाळा धाकटी’. तो ऐकतो फक्त ‘शाळा’. आता त्या नावाचं घर गल्लीत नसतं ना, तर तो परत येऊन सांगतो, सापडलं नाही. पण तुमची थोरली शाळा आमच्याकडं आहेच. तो बिनदिक्कत तिथं गेला. थोरल्यांचे नंबर उचलले. आणि येऊन म्हणाला, झालं काम. ओरडला नाही, काही नाही. ते खरं वाईट."

मास्तरांचा चेहरा सात महिन्यांत या खोलीतला कुठलाच चेहरा नव्हता इतका स्वच्छ झाला. "अच्छा," ते म्हणाले. "आत्ता समजलं. हे सांगता येईल मला."

मालकीणबाईंनी काकूंकडं पाहिलं. दादा दारात आला होता. शब्दाला शब्द तोच. आवाज तोच, मान तिरकी करायची लकब तीच. हा माणूस गेला कुठं होता इतके दिवस? की आपणच उगाच, घाबरट बायकांसारखं, नसतं भूत बघितलं? एक मोठं खोटं आपण सात महिने रोज सकाळी सात मिनिटं लिहीत होतो आणि ते आता आपोआप पुसलं जातंय, असं त्यांना क्षणभर वाटलं. त्या क्षणात त्यांना लेकीला फोन करून सांगावंसं वाटलं, अगं, नुसतेच दमले होते गं.

"म्हणून काय करायचं?" कर्सर म्हणाले. दोन्ही हात कानांशी गेले, दोन दोन बोटं वर आली. "म्हणून..."

बोटं वाकली नाहीत.

पापण्या मिटल्या, उघडल्या. मिटल्या, उघडल्या. मास्तर वाट बघत होते.

"म्हणून," कर्सर म्हणाले, आणि वर राहिलेल्या बोटांकडं त्यांनी ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखं पाहिलं. हात खाली घेतले. मग पडद्यावर त्यांना काहीतरी दिसलं आणि चेहरा उजळला. "हां, हे बघा! हे दिसतं? नावाच्या आधी? आणि हे मागं? ही खाडाखोड. रोज कुणीतरी करून ठेवतं. यानंच सगळा घोळ होतो."

त्यांनी एक कुंपण पुसलं. मग दुसरं. फार मन लावून, अंगावरचा धागा वेचावा तसं.

"आता कसं स्वच्छ झालं," ते म्हणाले. "आता काही चुकणार नाही, मास्तर. माझा शब्द."

"वा," मास्तर म्हणाले. "बरं झालं, तुम्ही आहात."

दादानं दारातूनच मशीनच्या बटणाकडं हात नेला आणि काकूंकडं बघितलं. मालकीणबाई खिडकीतल्या कुंडीकडं बघायला लागल्या. तिथं पाणी साचलं होतं, मातीत मुरत नव्हतं. कर्सरचं बोट एंटरवर गेलं.

काकूंनी हात पुढं केला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. हात गार होता, नळाच्या पाण्यानं. उद्या परत पाणी आणायला जातील, सात मिनिटं मिळतील, ही एकच वेळ निभावून नेऊ, दादाला खूण करू, मागून दुरुस्त करू, असं सगळं त्यांच्या मनात आलं. खोक्यातल्या लाल दांडीच्या चष्म्यावरची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं उलटीसुलटी होत होती.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"अगं, झालंय ते. नुसतं चालवायचंय."

"चालवू नका." काकूंचा आवाज इतका साधा निघाला की त्यांनाच नवल वाटलं. "ती खाडाखोड नाही. ते कुंपण आहे. तुम्हीच शिकवलेलं. मी घालते ते, रोज, तुम्ही नळावर गेलात की."

कर्सर त्यांच्याकडं वळले. पापण्या थांबल्या होत्या.

"तू? आणि ते का?"

"कारण तुम्ही विसरत चाललात," काकू म्हणाल्या. "दमला नाहीत तुम्ही. विसरत चाललात."